नामदेवांची तक्रार कुठे जपली गेली?

(भिलाई, कॅम्प-१ येथील भाषणाचा मजकूर)



पोलाद कारखान्यामुळे देशभरची माणसे या गावात आली, म्हणून सर्वधर्मसमभाव हा शब्द इथे दर कार्यक्रमात ऐकू येतो. मला तो फार स्वस्त वाटतो. दुसऱ्याच्या देवाला हात जोडायला काय लागते? दुसऱ्याचे म्हणणे आपल्या धर्मग्रंथात घ्यायला मात्र छाती लागते.

१६०४ साली गुरु अर्जन यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात हे घडले. गुरूंच्या वाणीबरोबर कबीर विणकर, रविदास चांभार, सेना न्हावी आणि सूफी शेख फरीद. आपल्या नामदेव शिंप्यांची ६१ पदे. १७०८ साली नांदेडला गुरु गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले, म्हणजे ग्रंथापुढे टेकलेला माथा रविदासांपुढेही टेकतो.

त्यातले भैरव रागातले एक पद नीट वाचा. नामदेव आनंदाने देवळात गेले, भजनाला बसले आणि हलक्या जातीचा म्हणून त्यांना धरून उठवले गेले. या जन्माला आलोच कशाला, असे ते देवालाच विचारतात. हाकललेल्या माणसाची ही तक्रार धर्मग्रंथाने गाळली नाही. ती आजही रागात गायली जाते.

पण ग्रंथात जागा मिळाली म्हणून दारात मिळतेच असे नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृतसरला दलित जातींतून शीख झालेली मंडळी हरमंदिर साहिबात कडाहप्रसाद घेऊन गेली. पुजाऱ्यांनी तो घ्यायला नकार दिला. खालसा कॉलेजचे प्राध्यापक आणि विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले. शेवटी ठरले, ग्रंथ उघडायचा आणि निघेल तो निवाडा मानायचा. निघाले गुरु अमरदासांचे पद: गुणहीनालाही तो स्वतःच पदरात घेतो. प्रसाद स्वीकारावा लागला. त्यानंतर अकाल तख्ताचे पुजारी जागा सोडून निघून गेले!

तरीही पंजाबात आज जातवार गुरुद्वारे आहेत, वेगळी स्मशाने आहेत. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये अमृतसरच्या शीख परिषदेत भाषण केले, शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला आणि २० वर्षांनी बुद्धाकडे गेले. त्यामुळे मी कुणाला शीख व्हा म्हणत नाही. आपण घरातले पहिले पदवीधर; कुठल्याही धर्माला दोन्ही प्रश्न विचारू: ग्रंथात कोण आहे, आणि दारात कोण अडवले जाते?

पुढच्या गुरुपुरबला लंगरला जाल, तेव्हा ग्रंथीजींना नामदेवांचे ते पद वाचून दाखवायला सांगा. बरेचसे शब्द आपल्याला तसेच कळतील.