साचा बसत नाही तेव्हा



प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण पाडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात. त्यांची तीव्रता आपण मोजू शकतो. परंतु तरंगांची कला नोंदीत उतरत नाही, आणि तिच्यावाचून रेणूचे चित्र उभे राहत नाही. रॉसमन आणि ब्लो यांच्या १९६२ सालच्या कार्यातून यावर एक उपाय पुढे आला : रेणू-प्रतिस्थापन. रचना ठाऊक असलेला एखादा सदृश रेणू साचा म्हणून घ्यावयाचा, प्रथम तो योग्य दिशेस फिरवावयाचा, मग योग्य जागी सरकवावयाचा आणि त्याच्या कला उसन्या घ्यावयाच्या.

साचा बसलाच नाही तर? प्रथम आपली मापने तपासावीत. सममिती ओळखण्यात चूक झाली काय, स्फटिक जुळा आहे काय, एककात रेणू किती, हे पाहावे. हे सारे ठीक असेल तर दोष साच्यात शोधावा.

माकडांतील मेसन-फायझर विषाणूच्या प्रोटिएज या एंझाइमाची रचना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडली नव्हती. एड्सच्या विषाणूतील त्याच्या भावंडाची रचना ठाऊक होती. परंतु तेथे दोन रेणू परस्परांत गुंतलेले असतात, तर या स्फटिकात रेणू एकेकटा होता. जोडीतून वेगळा काढलेला अर्धा भाग त्याला जुळेना. अखेर ‘फोल्डइट’ या संगणकीय खेळातील हौशी खेळाडूंनी तीन आठवड्यांत नवा साचा घडविला. तो बसला, आणि २०११ साली रचना प्रसिद्ध झाली.

तथापि, साचा बसला म्हणजे सत्य हाती आले असे नव्हे. उसन्या कलांतून निघालेले चित्र साच्याचीच प्रतिमा परत दाखविते. चुकीचा साचाही त्यात बरोबर भासतो. म्हणून साच्याचा एक भाग मुद्दाम वगळावा आणि तो चित्रात आपणहून प्रकटतो काय, हे पाहावे. काही मापने पडताळणीसाठी आरंभीच बाजूला ठेवावीत, असे ब्रुंगर यांनी १९९२ साली सुचविले, तेही याचसाठी.

आज संगणकाने भाकीत केलेले साचे विपुल मिळतात. त्यामुळे श्रम वाचले, परंतु जबाबदारी वाचली नाही. अशा रचनेवरच पुढे औषधे बेतली जातात. आपण घातलेले तेच परत मिळाले, की स्फटिकाने काही नवे सांगितले, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःस विचारावाच लागतो.