जनरेटरची वीज आणि आपली सावधगिरी
(जीर्णोद्धार सोहळ्यात गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. एस.एस.सी. झालेला, तालुका कचेरीतला साधा कारकून. मंडळाचा आग्रह झाला म्हणून उभा आहे. देवळाच्या बांधकामाविषयी जाणकार बोललेच. मी माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी सप्ताहात ऐन कीर्तनाच्या वेळी वादळ झाले आणि लाईन गेली. आम्ही भाड्याचा जनरेटर आणून ठेवला होता. मी हौसेने दोन्ही टोकांना पिना असलेली वायर तयार केली. एक टोक जनरेटरच्या सॉकेटमध्ये, दुसरे सभामंडपातल्या सॉकेटमध्ये. दिवे लागले, सर्वांना आनंद झाला. मेन स्विच बंद करण्याचे मात्र राहून गेले. थोड्याच वेळात वायरमन धावत आला. वादळाने तुटलेली तार जोडण्यास तो आला होता. हात लावण्यापूर्वी त्याने तार तपासून पाहिली, म्हणून वाचला. तो रागावला नाही. हात जोडून एवढेच म्हणाला, "बाबूजी, मी तं लाईन बंद करून आलो होतो. माह्या घरी लेकरं हायेत."

बंधूंनो, झाले होते असे की, जनरेटरची वीज आमच्या मेनमधून उलटी खांबावर गेली होती. हीच वीज डी.पी.पर्यंत पोचली तर तेथे उलट चढून हजारो व्होल्टची होऊ शकते. म्हणून दुतोंडी पिनेची वायर कधीही करू नये. तिचे एक टोक लावले की दुसऱ्या टोकाची पितळी पिन उघडी जिवंत असते. देवळाला जनरेटर जोडायचा तर परवानाधारक वीजतंत्र्याकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यात एका वेळी एकच वीज येते, लाईनची किंवा जनरेटरची.

दुसरी गोष्ट. जनरेटर लहान म्हणून त्याची वीज लहान नसते. ती घरच्यासारखीच 230 व्होल्ट असते. शंभर वॉटच्या दिव्यातून सुमारे 430 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाह छातीतून गेला तरी माणूस दगावू शकतो. फ्यूज वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. लागतो. पण पुष्कळ लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसतो. अशा वेळी आर.सी.सी.बी. असूनही पडत नाही. त्याचे टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला, एवढ्यावर समाधान मानू नये. न्यूट्रल आणि अर्थिंग वीजतंत्र्याकडून तपासूनच घ्यावे.

बाकीचे नियम आपल्या हातचे आहेत. जनरेटर कोरड्या जागी, पावसापासून आडोशाला, पण उघड्यावर ठेवावा. सभामंडपात नको, त्याचा धूर विषारी असतो. ओल्या हाताने पिन लावू नये. सोललेली, गाठी मारलेली वायर वापरू नये आणि ती मंडपाच्या लोखंडी पाइपला गुंडाळू नये. पिनेऐवजी वायरची उघडी टोके सॉकेटात काडीने खोचण्याची आपल्याकडील सवय तर आजच सोडावी.

मिरवणुकीत वरच्या तारांकडेही लक्ष हवे. तामिळनाडूत तंजावरजवळ 27 एप्रिल 2022 रोजी पहाटे देवाचा रथ वरच्या विजेच्या तारेला लागला आणि 11 माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती.

कोणास शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी जनरेटर बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा आणि 108 क्रमांकावर फोन करा. लाईनची तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका. 1912 वर कळवा.

आपण वर्गणी काढून कळस चढविला. त्याच वर्गणीतून चेंजओव्हर स्विच आणि चांगले अर्थिंगही व्हावे, अशी विश्वस्त मंडळींस माझी नम्र विनंती आहे. मंडळाने ती मान्य केली तर त्या वायरमनभाऊंचे माझ्यावरचे ऋण थोडे तरी फिटेल.