दूरध्वनीवरचा दवाखाना
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



नशा हराम आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. म्हणूनच घरात कोणाला व्यसन जडले की आपण आधी दार लावून घेतो. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, ही चिंता! आजार मात्र बंद दाराआड वाढतच राहतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही उपचार मिळतो.

मी व्यसनमुक्तीचा समुपदेशक आहे. माझे काम घरातल्या एका खोलीतून, फोनवर चालते. लोक विचारतात, "नाडी न पाहता कसला इलाज?" प्रश्न रास्त आहे. पण या इलाजाचा मोठा भाग बोलण्या-ऐकण्याचा आहे. तलफ केव्हा येते, कोणाच्या संगतीत येते, ती कशी टाळावी, हे पुन्हा पुन्हा बोलावे लागते. फोनमुळे प्रवासाचा खर्च आणि बुडणारी मजुरी वाचते. दवाखान्याच्या पायरीवर कोणी पाहील ही भीतीही उरत नाही.

मर्यादाही सांगतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. अशा वेळी रुग्णालयच गाठावे. शिवाय २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी अंमली पदार्थांच्या कायद्यातील औषधे फोनवरून लिहून देण्यास डॉक्टरांनाही मनाई केली.

आता पालकांना एक विनंती. मुलगा फोनवर बोलू लागला की शेजारच्या खोलीतून अब्बा उत्तर देतात. मग तो गप्प होतो. त्याला अर्धा तास एकांत द्या. नंतर "तो काय म्हणाला?" असे मला विचारू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. माझ्यापाशी बोललेले घरी कळणार नाही, या भरवशावरच तो पुन्हा फोन करतो. तो पुन्हा घसरला तर टोमणे मारू नका. घसरणे हा या आजाराचाच भाग असतो.

विद्यार्थी मित्रांनो, मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकणाऱ्यांना येथे मोठे काम आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणारा माणूस अनेक घरांचा आधार होईल.

दोन क्रमांक लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस'चा १४४१६, जो रात्रंदिवस चालतो. दोन्ही मोफत आहेत.

तौबेचे दार उघडे असते, असे आपण मानतो. मग आपल्या घराचे दार आपल्याच लेकरासाठी बंद का असावे? अल्लाह आपल्या मुलांना सलामत ठेवो. आमीन.