तारण काय आहे?



उद्योजकतेविषयीचे हे पुस्तक मराठीत आणताना मला सर्वांत अधिक अडविले ते 'संस्था' या साध्या शब्दाने. संस्था म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इमारत, पाटी, अध्यक्ष आणि चिटणीस उभे राहतात. अर्थशास्त्रज्ञांना मात्र त्या शब्दाने कायदा, रूढी, कर्ज देण्याची रीत, करार मोडल्यास दाद मागण्याची सोय, अशी सारी नियमव्यवस्था अभिप्रेत असते. आज मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या अर्थाविषयी.

माझे वडील इंदूरला एका कारखान्यात टर्नर होते. स्वतःचा लेथ घ्यावा या विचाराने ते एकदा एका बँकेत गेले. तेथे पहिलाच प्रश्न आला, "तारण काय आहे?" आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, आणि वीस वर्षांचा कसलेला हात काही गहाण ठेवता येत नाही. ते परत आले आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या यंत्रावर काम करीत राहिले. त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. तो नियमाप्रमाणेच वागला. विचार करावयाचा तो त्या नियमाचा.

उद्योजक हा जन्मावा लागतो, अमुक समाजाच्या रक्तातच व्यापार असतो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. या समजुतीची परीक्षा १९६४ साली आंध्रातील काकिनाडा या गावी सुरू झाली. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हैदराबादच्या लघुउद्योगविषयक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने तेथील ५२ व्यावसायिकांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण दिले. स्वतःपुढे साध्य ठेवावे कसे, जोखीम तोलावी कशी, याचे ते शिक्षण होते. पुढील दोन वर्षांत प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा या मंडळींनी व्यवसायात अधिक हालचाल केल्याचे दिसून आले, आणि त्यात जातीने काही फरक पडला नाही. या प्रयोगाचा हा भाग सर्वत्र सांगितला जातो. त्याचा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांच्या हाती धंद्याची सूत्रे होती, त्यांच्यातच हा पालट प्रामुख्याने दिसला. जो दुसऱ्याच्या दुकानात दुय्यम होता, त्याची उमेद वाढूनही तिला वाव मिळाला नाही.

हा वाव निर्माण करण्याचा एक धीट यत्न गुजरातमध्ये झाला. १९६८ साली स्थापन झालेल्या तेथील औद्योगिक गुंतवणूक महामंडळाने तंत्रज्ञांसाठी अशी योजना काढली, की ज्याच्या अंगी कसब आहे, त्याला तारणावाचून संपूर्ण भांडवल द्यावे. प्रश्नच बदलला, असे म्हणावयास हवे. 'तुमच्याजवळ काय आहे?' या जागी 'तुम्हांला काय येते?' हा प्रश्न आला. अर्थात, यंत्र जाणणारा माणूस बाजारपेठ जाणतोच असे नाही. म्हणून १९७० पासून निवड आणि प्रशिक्षण यांची जोड देण्यात आली. औद्योगिक वसाहतींतून तयार गाळेही मिळू लागले. या अनुभवाच्या पायावर पुढे, १९८३ साली, अहमदाबादेत उद्योजकता विकासाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली.

नियम नेहमी दार लावूनच अडवितो असे नाही. कधी तो उंबरठ्याच्या आतच बसवून ठेवतो. १९६७ साली ४७ वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. पुढे ही यादी आठशेंच्या वर गेली. हेतू चांगला होता, याविषयी शंका नको. परंतु यंत्रसामग्रीतील गुंतवणूक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की ते संरक्षण धोक्यात येई. मग कारखाना वाढविण्याऐवजी भावाच्या किंवा पत्नीच्या नावे दुसरा छोटा कारखाना काढणेच शहाणपणाचे ठरे. लहान राहण्याचे बक्षीस मिळू लागल्यावर मोठे कोण होणार? यादीतील अखेरच्या २० वस्तू मोकळ्या झाल्या त्या एप्रिल २०१५ मध्ये.

ज्यांच्या नावाने कारखानाच काय, हातगाडीही नव्हती, त्यांची गोष्ट याहून निराळी. अहमदाबादेतील भाजीविक्रेत्या, चिंध्या वेचणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या स्त्रिया सावकाराकडून भांडवल घेत, आणि दिवसाच्या कमाईतील मोठा वाटा व्याजात जाई. १९७४ साली इला भट्ट यांच्या पुढाकाराने अशा चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भागभांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. बहुतेकींना सही येत नव्हती, आणि सहीवाचून बँकेचा व्यवहार व्हावा कसा, हीच मोठी अडचण होती. या बँकेने पासबुकावर खातेदार स्त्रीचे छायाचित्र लावले. चेहरा पाहावयाचा आणि पैसे द्यावयाचे.