जुन्या सायकलीचा नवा संसार



सायकल म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलादी सायकल उभी राहते. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात ज्यांचे शिक्षण झाले, त्यांना त्या काळ्या, वजनदार वाहनाची ओळख करून देण्याची गरज नाही. तिचा चिमटा वाकला, तर कोपऱ्यावरचा सायकलवाला तो ठोकून सरळ करी आणि ती पुन्हा रस्त्याला लागे. आज जिच्याविषयी मी बोलणार आहे, ती सायकल निराळ्या कुळातली आहे. ती ॲल्युमिनियमची आहे. आणि कुळ निराळे म्हणून तिचा कुळाचारही निराळा आहे.

इटलीतील अलान या कारखान्याने १९७२ साली ॲल्युमिनियमचे सांगाडे बाजारात आणले. नळ्यांना आटे पाडून त्या सांध्यांत फिरवायच्या आणि शिवाय चिकटवायच्या, अशी त्यांची रीत होती. फ्रान्समध्ये १९७९ साली व्हितुस ९७९ हा सांगाडा निघाला. त्याच्या नळ्या सांध्यांत केवळ चिकटवलेल्या होत्या. १९८४ आणि १९८६ साली पॅरिस-रूबे ही दगडी रस्त्यांवरची खडतर शर्यत जिंकणारा आयर्लंडचा शॉन केली व्हितुसच्या अशा सांगाड्यांवर वर्षानुवर्षे शर्यती खेळला. तेव्हा ही वस्तू नाजूक बाहुली नव्हे, हे उघड आहे.

आज हे सांगाडे चाळिशी ओलांडून हौशी मंडळींच्या हाती येतात. त्यांना आजची चाके, आजचे गिअर, आजचे ब्रेक बसवून रोजच्या उपयोगात आणावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि ती योग्यही आहे. माझे म्हणणे एवढेच, की नव्या भागांनी सांगाड्याशी जुळवून घ्यावे. नव्या भागांसाठी सांगाड्याला वाकवू नये.

याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश. पण त्याचा ताठपणाही सुमारे एक-तृतीयांशच. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद कितीही वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक धक्का, प्रत्येक पायडल त्याच्या खाती जमा होत असते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सांगाडा स्वच्छ पुसून, उजेडात धरून, प्रत्येक सांध्याभोवती केसासारखी चीर आहे काय, हे पाहावे. नळी सांध्यात किंचितही हलत असेल, तर मोह आवरावा आणि तो सांगाडा भिंतीवर टांगावा. भर उतारावर सांधा सुटला, तर हौसेची किंमत हाडांनी मोजावी लागते.

सांगाडा निर्दोष ठरला, की प्रश्न येतो मागच्या चाकाचा. त्या काळच्या सायकलींत मागचे चाक बसण्याची जागा बहुधा १२६ मिलिमीटर रुंद असे. रिमवर ब्रेक असणाऱ्या अलीकडच्या शर्यतीच्या सायकलींत ती १३० असते. फरक अवघा चार मिलिमीटरांचा. पोलादी सांगाडा जाणकार कारागीर तेवढा फाकवतो. येथे मात्र तो ताण थेट चिकटवलेल्या सांध्यांवर जातो. त्यापेक्षा सात चकत्यांचे, १२६ मिलिमीटरचे हब शोधावे. किंवा नव्या हबच्या ॲक्सलवरील कड्या कमी करून, ताऱ्यांचा ताण बदलून रिम पुन्हा मध्यावर आणावी. चाकाचा आउट काढणाऱ्या चांगल्या कारागिराला हे काम अवघड नाही.

ब्रेकचेही तसेच आहे. नव्या ब्रेकची नट भोकात आत बुडते आणि त्यासाठी जुने भोक मोठे करावे लागते. सांगाड्यावर ड्रिल चालवू नये. बाहेरून नट बसणारा लांब बोल्टचा ब्रेक घ्यावा. नव्या तारा आणि नवे रबरी गुटके एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. सीटची दांडी घेताना तर माप आधी घ्यावे. व्हितुस ९७९ला २५ मिलिमीटरची दांडी लागते. सर्वत्र मिळणारी २७.२ची तिच्यात शिरणार नाही.

दांडी बसवताना ग्रीस लावण्यास विसरू नये. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले, की ॲल्युमिनियम झिजते. त्यावर तयार होणारी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते आणि दांडी जणू सांगाड्याशी एकजीव होते. मुंबईच्या किंवा कोकणच्या खाऱ्या हवेत हे लवकर घडते. अडकलेली दांडी काढण्यासाठी ज्योत लावण्याचा उपाय येथे वर्ज्य आहे, कारण उष्णतेने सांध्यांतील चिकटद्रव्य ढिले पडते. त्याच कारणास्तव पावडर-कोटिंगचा रंगही नको. तो १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पक्का होतो. मूळचा रंग ॲनोडाइझ केलेला असेल, तर पॉलिशकागदाला हात लावू नये. तो रंग धातूच्या पृष्ठभागातच मुरलेला असतो. एकदा खरडला की ब्रशाने परत येत नाही.

मग हौसेला वाव कोठे? पुष्कळ ठिकाणी. हँडल, त्यावरची पट्टी, सीट, पायडल, टायर, गिअर, यांत आपल्या शरीराला आणि आवडीला मानवेल ते खुशाल निवडावे. जे पान्याने बसते आणि पान्यानेच निघते, ते बदलण्यास हरकत नाही. जे करवतीने, कानशीने किंवा ड्रिलने होते, ते परत घेता येत नाही.

आणि काढलेले मूळ भाग फेकून देऊ नयेत. आम्हां कचेरीतल्या माणसांना जुना कागद जपून ठेवण्याची सवय असते आणि लोक तिला हसतात. येथे मात्र ती सवय कामाची आहे. प्रत्येक भाग पुसून, कागदात गुंडाळून, त्यावर चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा. आपल्यानंतर ही सायकल ज्याच्या हाती जाईल, त्याला ती मूळ रूपात पाहावीशी वाटली, तर तेवढा अधिकार त्याच्यासाठी राखून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.