तिला कुणी विचारलंच नाही

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते आणि कर्जाचा हिशोब झाला की शेवटची पंधरा मिनिटं आम्ही गप्पांसाठी ठेवतो. मागच्या महिन्यात त्यात एक नाटक आलं. शेक्सपिअरचं 'हॅम्लेट'.

हे नाटक आपल्याकडे आलं ते तुरुंगातून. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेडं ठरवून त्यांचा छळ होतोय, असं 'केसरी'नं लिहिलं. कारभाऱ्यांनी बदनामीचा खटला भरला. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले. तिथं आगरकरांनी हॅम्लेट मराठीत उतरवलं आणि नाव ठेवलं 'विकारविलसित'. पुढे गणपतराव जोशींनी हॅम्लेटची भूमिका गाजवली. बाईच्या भूमिका तेव्हा पुरुषच करत. म्हणजे बाईचं वेडसुद्धा रंगमंचावर पुरुषच दाखवत होते!

सगळे बोलतात ते राजपुत्र हॅम्लेटबद्दल. आम्ही मात्र ऑफिलियापाशी थांबलो. तिचं त्याच्यावर प्रेम. भाऊ म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. वडील म्हणतात, भेटायचं बंद. मग तेच वडील तिला त्याच्यापुढे उभं करतात आणि स्वतः राजासोबत लपून ऐकतात. तो तिला नाही नाही ते बोलतो. पुढे त्याच्याच हातून तिच्या वडिलांचा खून होतो. भाऊ परदेशी. वडिलांना घाईघाईनं, गुपचूप पुरतात. ती गाणी म्हणत, फुलं वाटत फिरते. राणी आधी तिला भेटायलाच नको म्हणते. राजा म्हणतो, तिच्यावर नजर ठेवा. जवळ कुणी बसत नाही. शेवटी ती ओढ्यात बुडते. मग तिच्या थडग्यात भाऊ आणि प्रियकर भांडतात, माझंच प्रेम जास्त म्हणून!

हे ऐकून आमच्यातली एक जण म्हणाली, "माझा मुलगा गेला तेव्हा मी रोज त्याचं ताट वाढायचे. घरच्यांनी ठरवलं, हिला वेड लागलंय. त्याच्याबद्दल बोल, असं कुणी म्हणालंच नाही." आम्ही गप्प झालो. कारण तेव्हा आम्हीही तिच्या घरी गेलो होतो, चहा पिऊन परत आलो होतो. मुलाचं नाव काढलं तर तिला त्रास होईल, म्हणून आम्ही ते टाळलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही त्याच्याबद्दल विचारलं. ती अर्धा तास बोलली. रडली, आणि मध्येच हसलीही.

आगरकरांच्या नावातला 'विकार' म्हणजे मनाचे आवेग: प्रेम, राग, दुःख. आज आपण विकार म्हणजे आजार एवढंच समजतो. पण प्रत्येक दुःख आजार नसतं. आणि आजार असला, तरी त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा झाला, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही फोन लागतो. तो क्रमांक आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

पण फोनच्याही आधी शेजारीण असते. तुमच्या गल्लीत कुणी एकटीच बडबडत असेल, तर "वेडी झाली" म्हणून दार लावून घेऊ नका. तिच्याजवळ बसा आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन विचारा, कसा होता गं तो?