उद्योगमंडळ आणि निरोपाची शिस्त

(महोत्सवाच्या दिवशी मंदिराच्या सभागृहात दिलेले व्याख्यान)



ह्या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासावर बोलण्यास अधिकारी वक्ते आहेतच. आम्हांस आज्ञा झाली आहे ती शिवणकामाच्या छोट्या उद्योगमंडळाविषयी दोन शब्द बोलण्याची. विषय लहान दिसतो खरा. परंतु चौदा घरांच्या चुलीस ज्याचा थोडाबहुत आधार आहे, तो विषय लहान कसा म्हणावा?

आपल्या भगिनी एका ठिकाणी राहत नाहीत. कोणी शिर्डीत, कोणी साकुरीस, कोणी राहात्यास, तर कोणी दूर शेतातील वस्तीवर. काम येते ते बहुधा घाईचे. रामनवमी, गुरुपौर्णिमा व दसरा हे शिर्डीचे तीन मोठे उत्सव. त्या दिवसांत यात्रेकरूंची दाटी होते, आणि निवासगृहांस चादरी व उशांचे अभ्रे तातडीने लागतात. अशा वेळी निरोप एक दिवस चुकला तर मालही चुकला आणि मजुरीही चुकली.

गतवर्षी असेच घडले. रामनवमीपूर्वी माल एक दिवस आधी पोहोचवावा, असा बदल गिऱ्हाइकाने कळविला. आम्ही तो रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपच्या समूहावर लिहिला आणि कर्तव्य संपले असे समजून निजलो. त्या समूहावर त्याच रात्री वाढदिवसाच्या शुभेच्छा, फुलांची चित्रे व कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका येऊन पडली होती. त्या गर्दीत आमच्या दोन ओळी बुडून गेल्या. एका वृद्ध मावशीच्या नावापुढे जो क्रमांक होता तो तर तिच्या नातवाचा, आणि मोबाइल त्याच्याबरोबर महाविद्यालयात गेलेला. दुसऱ्या दिवशी ती माउली अभ्र्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन आली तेव्हा गिऱ्हाईक आपला माल घेऊन निघून गेले होते. मंडळाने शिलकेतून तिची मजुरी भरून दिली. ती म्हणाली, "पैशाचं काही नाही बाबा; पण मला कोणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं."

तिचे ते बोल आमच्या अंतःकरणास लागले. चूक मावशीची नव्हती, नातवाची नव्हती, यंत्राचीही नव्हती. निरोप धाडणे व निरोप पोहोचविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे आम्ही चालक विसरलो होतो.

वास्तविक ह्या जिल्ह्यास हा धडा नवा नाही. येथील ख्रिस्ती मंडळींनी निरोपाचे महत्त्व फार पूर्वी ओळखले. अमेरिकन मिशनचा ज्ञानोदय १८४२ साली अहमदनगरास निघाला. पुढे १९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळ ह्या खेड्यात जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग ह्यांनी आपल्या कॅथोलिक लोकांसाठी मासिक सुरू केले. त्यास नाव दिले निरोप्या. निरोप्या म्हणजे घरापर्यंत चालत जाणारा मनुष्य. ज्यास वाचता येत नसे त्याला शेजाऱ्याने वाचून दाखवावे, आणि ज्याच्या घरी अंक येत नसे त्याने दुसऱ्याच्या ओट्यावर बसून ऐकावे, ही खेड्यातील जुनी रीत. कागद जेथे थांबे तेथून पुढे माणूस चाले. आज कागदाच्या जागी मोबाइल आला. पण तो जेथे थांबतो तेथून पुढे चालणारा माणूस मात्र आम्ही नेमला नव्हता.

म्हणून मंडळाने विचार करून काही नियम ठरविले. इतर धर्मग्रामांतील मंडळांसही ते उपयोगी पडतील अशा आशेने येथे सांगतो.

पहिला नियम असा की, कामाची वाट व गप्पांची वाट वेगळी असावी. समूहात केवळ चालकांनीच लिहावे अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१८ पासून आहे. तिचा आश्रय करून एक समूह फक्त सूचनांसाठी ठेवला. शुभेच्छा व विचारपूस ह्यांसाठी दुसरा आहे. तेथे कोणासही मज्जाव नाही. तिसरा समूह काढू नये असेही ठरले, कारण वाटा फार झाल्या म्हणजे माणूस चुकतो.

दुसरा नियम सूचनेच्या रूपाविषयी. एका सूचनेत एकच गोष्ट असावी. तीत काय, किती, केव्हा, कोठे व विचारावे कोणास, ही पाच उत्तरे यावीत. तीच सूचना आवाजातही पाठवावी, म्हणजे अक्षर न येणाऱ्या भगिनीस कोणाची मनधरणी करावी लागत नाही. तातडीचे काम असेल तर लिहिणे पुरे नाही, फोनच करावा.

तिसरा नियम आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. पडद्यावर निळी खूण उमटली म्हणजे निरोप पोहोचला असे धरू नये. ती खूण संदेश उघडल्याची आहे, मनुष्यास समजल्याची नव्हे. प्रत्येकीने "मिळाला" एवढा शब्द कळवावा. जिचा शब्द येणार नाही तिच्या दारी जाण्यास एक शेजारीण आधीच नेमलेली असावी. शिवाय सभागृहाच्या फळ्यावर सूचना लिहावी, आणि सवड असेल तर रविवारी मिस्सानंतर वाचून दाखवावी.

चौथा नियम असा की, समूहाचा कारभार एकाच हाती नसावा. दोघी चालक असाव्यात. कामाची व पैशाची नोंद वहीत व्हावी, कारण मोबाइल हरवतो, बिघडतो, आणि जुने संदेश शोधता शोधता भांडण उभे राहते. भगिनींचे क्रमांक व छायाचित्रे परक्यास देऊ नयेत. आणि पैसे मागणारा संदेश ओळखीच्या नावाने आला तरी आवाज ऐकून खात्री केल्यावाचून एक रुपयाही पाठवू नये.

आणखी एका गोष्टीविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. ते भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्या अफवा मोबाइलवरून घरोघर फिरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी घातली. परंतु पाच ठिकाणी असत्य धाडणे हेही पापच नव्हे काय? शिर्डीस दररोज परगावची अनोळखी माणसे येतात. येथे तर आपली जबाबदारी दुप्पट आहे. जे आपण स्वतः पाहिले नाही व विचारून घेतले नाही ते पुढे धाडू नये.

बंधुभगिनींनो, दूरसंदेशाचे काम करणाऱ्यांचा आश्रयदाता म्हणून पोप बारावे पायस ह्यांनी १९५१ साली देवदूत गब्रिएल ह्यास नेमून दिले. त्याची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहो. तो नाझरेथच्या एका घरी गेला, कुमारी मरियेस निरोप सांगितला, तिची शंका ऐकून घेतली, तिचे समाधान केले, आणि तिने होकार दिल्यावरच तो तेथून गेला. निरोप सांगून लगेच पाठ फिरविली नाही.

आता ती मावशी पूर्ववत शिवणास येते. तिच्या दारी निरोप नेण्याचे काम तिच्या शेजारणीने आपण होऊन पत्करले आहे, आणि तिचा नातू सूचना मोठ्याने वाचून दाखवितो. येत्या उत्सवाच्या वेळी चौदाही भगिनींचा "मिळाला" हा शब्द आल्यावाचून आम्ही चालक निजणार नाही, असे आज आपणा सर्वांसमक्ष वचन देतो व आपली रजा घेतो. प्रभू येशू आपल्या धर्मग्रामास आशीर्वाद देवो.